उलट नोंद

गिरेसुनमध्ये, काळ्या समुद्राच्या काठी,
कॉलेजच्या तळघरातली आमची संगणकखोली.
बावीस यंत्रं, त्यातली एकोणीस चालू.
हीटर लावला की कोपऱ्यातली आणखी दोन मान टाकतात,
म्हणून हिवाळ्यात मुलं कोट घालूनच खरेदी-विक्री करतात.

आमची कंपनी सायकली विकते.
सायकल कुणी पाहिलेली नाही.
तिचं गोदाम आहे, गोदामाला क्रमांक आहे,
क्रमांकात फळी, फळीवर चारशे चाकं,
चाकांवरची धूळ तेवढी
ज्याची त्याने कल्पायची.

पहिल्या वर्षी मी व्याख्यानं दिली.
फळ्यावर बाण काढले : मागणी, आवक, बिल, भरणा.
मुलांनी बाण उतरवून घेतले,
परीक्षेत मोजून परत केले.
एकही बाण कुणाला लागला नाही.

यंदा खडू ठेवून दिला. म्हटलं, बसा.
इल्कनुर, खरेदी तुझी. शूले, गोदाम सांभाळ.
तुन्जाय, तू बिलं बघ,
आणि पैसे देताना हात जरा आखडता ठेव.
मी नुसती मागून फिरणार.

तासाभरात जुंपली.
इल्कनुरने मागवली दोनशे चाकं,
शूलेने उतरवून घेतली एकशे नव्वद,
बिल आलं दोनशेचं.
तुन्जाय देईना.
“दहा कुठे गेली?”
“आलीच नाहीत!”
“मग उरलेली तरी कुठे आहेत, दाखव!”
सगळे हसले. शूले हसली नाही.
नसलेल्या चाकांची चोरी
पहिल्यांदाच तिच्या अंगावर आली होती.

मग मार्चमधला तो गुरुवार.
चाळीस किलो रंग मागवायचा होता.
तुन्जायने लिहिलं चाळीस, स्वल्पविराम, तीन शून्यं,
आमच्या देशात लिहितात तसं, दशांशाचं.
यंत्र दुसऱ्या देशातलं.
त्याने वाचले चाळीस हजार.
शिक्कामोर्तब झालं, माल आला,
शूलेच्या गोदामात निळ्या रंगाचा पूर.

“पुसून टाकतो, होजाम.”
(बाईंना इथे असं म्हणतात.)
पुसायचं बटण राखाडी, दाबलं तरी ढिम्म.
पुसता येत नाही, मी म्हटलं.
उलट नोंद कर. आलेलं सगळं परत पाठव.
चूक राहील, दुरुस्तीही राहील,
दोघी शेजारी शेजारी, तारीखवार.

तो गप्प बसला. मग म्हणाला,
आमच्या बाबांच्या वहीला
खोडरबर दोऱ्याने बांधलेलं असतं.
हेझलनटचा व्यापार. गावाला उचल देतात.
एका एप्रिलात रात्री दव गोठलं, कळ्या काळ्या पडल्या,
तेव्हा एक्रेम काकांचं पान
बाबांनी दिव्याखाली बसून खोडलं.
काकांना सांगितलंसुद्धा नाही.
इथे ते कसं करायचं?

मी म्हटलं, सोय आहे. बुडीत खाती टाकायचं.
त्याचा एक कोड आहे. वरिष्ठांची मंजुरी लागते.
आणि कारण. तो रकाना सक्तीचा आहे.
बोलताना माझंच बोलणं मला
राखाडी बटणासारखं वाटलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
दिवसभराच्या नोंदी तपासत होते.
कारणाच्या रकान्यात रांगेने :
चूक. चूक. चुकून झालं. चूक.
मग तुन्जायची, रंगाची :
“स्वल्पविराम माझा होता.”

तिच्या खाली आणखी एक, अभ्यासात नसलेली.
ग्राहक नवा, नाव एक्रेम, गाव बुलान्जाक,
येणे सहा हजार दोनशे.
बुडीत.
कारण : दव गोठलं.
मंजुरीसाठी माझ्याकडे पाठवलेली.

खरं तर ती परत पाठवायला हवी होती.
सायकलींच्या कंपनीत हेझलनटवाल्याचं काय काम?
वर हीटर टकटक करत होता,
कोपऱ्यातली दोन यंत्रं बंद.

मी मंजूर केली.